आफ्रिकन महोगनीचं रोप घेण्याआधी बांधावरची बाभूळ मोजा

पाबळच्या व्हिडिओत मी महोगनीच्या प्रश्नावर फक्त "घाई करू नका" एवढंच बोललो आणि पुढे सरकलो. त्यावरून बरीच बोलणी खाल्ली. "सर, तुम्ही शेतकऱ्याला मोठं स्वप्न बघूच देत नाही," असं एकाने लिहिलं. कॅमेऱ्यासमोर आकडेमोड करायला वेळ नव्हता, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

शूटिंग संपल्यावर एक पंचविशीतला मुलगा वडिलांना घेऊन भेटायला आला होता. दोन एकर कोरडवाहू, एक विहीर, ती मार्चमध्ये तळ गाठणारी. हातात रंगीत पत्रक. त्यावर सरळसोट झाडांचा फोटो आणि खाली लिहिलेलं: आफ्रिकन महोगनी, एकरी ४०० झाडं, १२ वर्षांत एक कोटी वीस लाख. रोपं, खड्डे, "तज्ज्ञ मार्गदर्शन" आणि "बायबॅक करार" मिळून एकराचं पॅकेज दीड लाखाचं. आईचे दागिने सोनेतारण ठेवून पैसे भरायचं घरात जवळजवळ ठरलं होतं. वडील काही बोलत नव्हते. मुलगा एवढंच म्हणाला, "सर, घेऊ का?"

आधी पत्रकाचंच गणित बघू. ४०० झाडं, प्रत्येकी २० घनफूट, घनफुटाला १५०० रुपये. गुणाकार बरोबर आहे, एक कोटी वीस लाखच येतात. गडबड त्या २० घनफुटांत आहे.

लाकडाचा व्यापारी उभं झाड कसं मोजतो, हे या धंद्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला आलंच पाहिजे. खोडाला दोरी गुंडाळून घेर घ्यायचा, घेराला चारने भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा आणि सरळ खोडाच्या लांबीने गुणायचं. सगळं फुटात. चार फूट घेर आणि आठ फूट लांबी असेल तर चाराचा चौथा हिस्सा एक, एकाचा वर्ग एक, गुणिले आठ, म्हणजे आठ घनफूट. खरं लाकूड त्यात दहा घनफुटांच्या थोडं वर असतं, पण चौथाईच्या हिशोबात साल, वाकडेपणा आणि कापताना जाणारा भुसा धरून व्यापारी ते आठच मानतो. भांडून उपयोग नाही, बाजाराची रीत तीच आहे.

आता २० घनफूट हवे असतील तर? पंधरा फूट सरळ, बिनफांदीचं खोड आणि साधारण साडेचार फुटांपेक्षा जास्त घेर लागतो. म्हणजे बुंध्याची जाडी ४५ सेंटिमीटरच्या आसपास. बारा वर्षांत ४५ सेंटिमीटर म्हणजे दर वर्षी पावणेचार सेंटिमीटर. भरपूर पाऊस, खोल माती आणि चांगली निगा असलेल्या ठिकाणी एखादं झाड असं फुगेलही. पण पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई हा सगळा पर्जन्यछायेतला पट्टा. इथे आफ्रिकेच्या दमट जंगलातलं झाड ठिबकवर जगेल, पण पत्रकातल्या फोटोसारखं होईल का?

आणि "आफ्रिकन महोगनी" हे एका झाडाचं नाव नाही. खाया कुळातली तीन-चार झाडं त्या नावाने विकली जातात. त्यातली एक जात कोरड्या सवाना प्रदेशातली आहे, बाकीच्यांना भरपूर पाऊस लागतो. महोगनी म्हणून जगप्रसिद्ध झालेलं मूळ लाकूड तर तिसऱ्याच खंडातलं, अमेरिकेतलं, स्विटेनिया. पिशवीतल्या दोन वितींच्या रोपावर यातलं काय आहे हे तुम्ही कसं ओळखणार? विकणाऱ्यालाही माहीत असतं असं नाही. बिलावर शास्त्रीय नाव लिहून मागा. दिलं नाही तर तिथेच उठा.

पत्रकात न सांगितलेली आणखी एक गोष्ट म्हणजे शेंडा पोखरणारी अळी. महोगनीच्या सगळ्या भाऊबंदांवर ती येते, आपल्याकडेही आहे. शेंडा मेला की खालून दोन-तीन फांद्या फुटतात, खोड दुबेळकं होतं. झाड हिरवंगार दिसतं, शेजारी कौतुक करतात, पण सरळ खोड पाच-सहा फुटांवर संपलेलं असतं. आणि बारा वर्षांच्या कोवळ्या खोडात पांढरं लाकूड जास्त, लाल गाभा कमी. बाजारात भाव असतो तो गाभ्याला.

तर मी त्या मुलासमोर कागदावर दुसरं गणित मांडलं. यातले आकडे माझी गृहीतकं आहेत, तुम्ही तुमचे घाला. दहा बाय दहा फुटांवर ४०० झाडं लावली तर घेर भरायला निम्मी मध्येच काढावी लागतात. उरली २००. घेर तीन फूट, सरळ खोड दहा फूट. झाडामागे साडेपाच घनफूट, एकूण ११०० च्या पुढे. कोवळ्या लाकडाला जागेवर ५०० रुपये भाव धरला तर साडेपाच लाख. आता आज घातलेल्या दीड लाखावर दहा टक्के व्याज धरा. बारा वर्षांत ते चार लाख सत्तर हजार होतात. ठिबक, पाणी, राखण, कापणी, वाहतूक अजून धरलेलीच नाही. सोनेतारणाचं व्याज दहा टक्क्यांत कुठे बसतंय, हे वडिलांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. ते पहिल्यांदा बोलले: "म्हंजी दागिनं सोडवायचं कवा?"

धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हा रोख पैशाचा प्रश्न आहे. बारा वर्षं एक रुपया येणार नाही असा धंदा करायला ज्याच्याकडे दुसरं उत्पन्न आहे त्याने करावा. ज्याचं घर कांद्याच्या एका पट्टीवर चालतं त्याने करू नये.

बायबॅक कराराचं काय, असं तुम्ही विचाराल. बारा वर्षांनी माल घेण्याचं वचन देणारी कंपनी किती वर्षांची आहे, ते आधी बघा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकलं की स्थापनेची तारीख आणि भरणा झालेलं भांडवल दिसतं. फार तर दहा मिनिटांचं काम. दुसरं, त्यांना विचारा, "तुम्ही आजपर्यंत शेतकऱ्याची किती महोगनी तोडून विकली? एक तरी जीएसटी बिल दाखवा." रोपांच्या विक्रीची बिलं नको, लाकडाच्या विक्रीची हवीत. बहुतेक ठिकाणी इथेच शांतता पसरते, कारण त्यांचा धंदा लाकडाचा नसतो, रोपांचा असतो. तो पैसा पहिल्याच दिवशी वसूल होतो.

नव्वदच्या दशकात देशभर सागाच्या अशाच योजना निघाल्या होत्या. हजार-दोन हजार भरा, तुमच्या नावाचा साग वाढेल, वीस वर्षांनी लाखभर घ्या. चेन्नईची अनुभव प्लँटेशन्स १९९८ मध्ये कोसळली, हजारो लोकांचे पैसे बुडाले. १९९९ मध्ये सेबीने सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम आणले ते याच सगळ्या प्रकारानंतर. पुढे इमू आला, मग कडकनाथ कोंबडी आली. पिल्लू विकणारा कमावतो, पाळणारा अडकतो. मी प्रत्येक महोगनीवाला फसवणारा आहे असं म्हणत नाही, प्रामाणिक रोपवाटिका आहेत. पण प्रामाणिक रोपवाटिका रोप विकते. ती कोटीचा आकडा विकत नाही.

आता "आफ्रिकन" या शब्दाकडे येऊ, कारण पत्रक खपतं ते त्याच शब्दावर. पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एकदा फिरून या. घाना साग, नायजेरिया साग, टांझानिया साग अशी नावं ऐकू येतील. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून अख्खे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं आणि आपल्याकडे आफ्रिकेतल्या सागाला मागणी वाढली. गंमत बघा, साग मूळचा आपला, भारत-म्यानमार भागातला. शंभरेक वर्षांपूर्वी इंग्रज-जर्मन लोकांनी तो आफ्रिकेत नेऊन लावला. आता तोच कंटेनरमधून कांडल्याला उतरतो, गांधीधामला चिरला जातो आणि तुमच्या दाराच्या चौकटीत बसतो.

हा आयात लाकडाचा किरकोळ व्यापार लहान कुटुंबाला जमतो का? जमतो, पण भांडवल आणि कागद सांभाळता आले तर. आफ्रिकेतल्या खाया, अफ्झेलिया आणि पडौक यांच्या लाकडावर २०२२ च्या पनामा परिषदेत साइट्स कराराचं नियंत्रण आलं, ते २०२३ पासून लागू आहे. म्हणजे तिकडून येणाऱ्या महोगनीला त्या देशाचा परवाना लागतो. तुम्ही आयातदाराकडून माल उचलत असाल तर बिलावर झाडाचं नाव, मूळ देश आणि परवान्याची प्रत मागून ठेवा. "आफ्रिकन टीक" एवढ्याच नावावर तर अजिबात घेऊ नका. सागाशी नातं नसलेली इरोकोसारखी लाकडंही त्याच नावाने खपतात.

आफ्रिकेकडून खरंच काही घ्यायचं असेल तर टांझानियातल्या किल्वा जिल्ह्याकडून घ्या. तिथे म्पिंगो नावाचं काळं, जड लाकूड होतं. आपल्या शिसवाचा सख्खा भाऊ म्हणा. क्लॅरिनेट, ओबो ही पाश्चात्य वाद्यं त्याचीच बनतात. वर्षानुवर्षं बाहेरचे कंत्राटदार यायचे, झाड तोडून न्यायचे, गावाच्या हाती चिल्लर. मग गावांनी जंगलाची हद्द आखून घेतली, झाडं मोजली, वर्षाला किती तोडायची ते ठरवलं. २००९ मध्ये त्या गावांच्या जंगलाला एफएससी प्रमाणपत्र मिळालं, गावांच्या हातातल्या नैसर्गिक जंगलांमध्ये आफ्रिकेतलं पहिलं. एकेका गावाला ते परवडलं नसतं, म्हणून एका संस्थेखाली सगळ्यांनी मिळून घेतलं. नवीन झाड कुणी आणलं नाही. जे होतं ते मोजलं आणि आपल्या अटींवर विकलं.

आता पाबळमध्ये काय आहे? त्या मुलाला मी विचारलं, बांधावर कोणती झाडं आहेत. "काही नाही सर, बाभळीच आहेत." हे "काही नाही" ऐकून मला हसू आलं. बाभळीचं शास्त्रीय नाव वॅचेलिया निलोटिका, आपण शाळेत अकॅशिया निलोटिका शिकलो. निलोटिका म्हणजे नाईलकाठची. इजिप्तपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत हे झाड आहे, प्राचीन इजिप्तमध्ये त्याच्या लाकडाच्या नावा बांधत. आफ्रिकेचं कठीण लाकूड हवंय ना? ते तुमच्या बांधावर फुकट उभं आहे आणि पाचशे मिलिमीटर पावसात वाढतंय.

त्याचं आपण काय करतो? वीटभट्टीवाल्याला टनावर देतो. सागापेक्षा जड, झटका सोसणारं लाकूड, ज्याची आपल्या आज्यापणज्यांनी गाडीची चाकं, तुंबा, नांगर, मोट असं सगळं केलं, ते आपण जाळतो. माझं म्हणणं एवढंच आहे की लाकडाच्या धंद्याची सुरुवात इथून करा.

पुन्हा समजुतीचे आकडे घेऊ. तीन फूट घेराचा, सहा फूट लांबीचा ओंडका. ओला असताना सव्वाशे किलोच्या आसपास भरेल. जळणाचा भाव किलोला चार रुपये धरला तर पाचशे रुपये. तोच ओंडका गावातल्या परवानाधारक आरा गिरणीवर नेऊन दीड इंच जाडीचे, तीन फुटी दांडे पाडले तर गाठी, चिरा, वाकडे तुकडे वगळून पंचवीस तरी निघावेत. खोऱ्याचा, टिकावाचा, कुऱ्हाडीचा दांडा. घाऊक ८० रुपये धरले तर दोन हजार. कापणी, वाहतूक, रंधा, पॉलिश पेपर यांचे आठशे गेले तरी बाराशे उरतात. पाचशेचे बाराशे, आणि मजुरी घरात राहिली.

कोटी नाहीत, मान्य. पण हे पैसे याच वर्षी येतात.

यात लोक चुकतात ते लाकूड वाळवण्यात. ओल्या बाभळीचा दांडा करून दुकानात दिला की महिन्याभरात तो चिरतो, लोखंडात सैल होतो आणि दुकानदार पुन्हा उभं करत नाही. बाभळीला भुंगाही लवकर लागतो, विशेषतः पांढऱ्या लाकडाला. झाड हिवाळ्यात तोडा, साल लगेच काढा, दोन्ही टोकांना जुना ऑइलपेंट फासा म्हणजे टोकं तडकत नाहीत. जुने सुतार ओंडके ओढ्यात किंवा विहिरीत काही महिने भिजत टाकायचे, ते उगाच नव्हे, त्याने कीड कमी लागते. आता पाणीच नाही, तर बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या द्रावणात बुडवून काढतात. मग सावलीत, हवेशीर, मध्ये पट्ट्या ठेवून थप्पी. इंचभर जाडीला सहा महिने ते वर्ष. तेवढं थांबायची तयारी हवी. बारा वर्षं थांबायला निघाला होतात ना?

किती झाडं तोडायची? सोपा नियम: झाड वाढायला जितकी वर्षं लागतात, तितक्याने तुमच्या झाडांना भागा. बाभळीला वीस वर्षं धरली आणि बांधावर चाळीस झाडं असली तर वर्षाला दोन. तिसरं तोडलं तर तुम्ही व्याज नाही, मुद्दल खाताय. आणि बाभूळ बुंध्यातून भरवशाने फुटत नाही, तिला बीच लागतं. शेळ्यांनी शेंगा खाल्ल्या की त्यांच्या लेंड्यांतून आलेलं बी चांगलं रुजतं, त्यामुळे फक्त दोन पावसाळे रोपाला कुंपण द्या. नवीन लावायची असेल तर रामकाठी बाभूळ बघा. ती अंगाने उभी, सरळ वाढते, पिकावर सावली कमी पडते.

दोन झाडं म्हणजे चार ओंडके, शंभर दांडे, आठ हजारांची विक्री. एवढ्यावर घर चालणार नाही. म्हणून किल्व्याची गोष्ट सांगितली. चाळीस-चाळीस झाडांचे पाच शेतकरी एकत्र आले तर वर्षाला दहा झाडं, पाचशे दांडे, चाळीस हजार. शिकरापूर, मंचर, राजगुरुनगर, शिरूर या पट्ट्यातली दहा हार्डवेअर दुकानं वर्षाला पन्नास-पन्नास घेतील, एवढंच गिऱ्हाईक शोधायचंय. हे एका मोटारसायकलवर होतं. आधी वीस दांडे करून दुकानात ठेवा आणि परत कोण मागतं ते बघा, मगच पुढचं झाड तोडा. तुमच्या भागात घाटात पळणारे छकडे बनवणारा सुतार असेल तर त्यालाही विचारा, कोणत्या भागाला कोणतं लाकूड हवंय. लेथ हाताशी आली की लाटणी, खलबत्त्याचे दस्ते, विळ्याच्या मुठी. छोट्या तुकड्यांचे पैसे तिथे होतात.

शिकायला लांब जायला नको. पाबळलाच विज्ञान आश्रम आहे, डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला. काम करत करत शिकायचं हेच तिथलं तत्त्व. गावातली मुलं त्याच्या दारावरून रोज जातात आणि यूट्यूबवर महोगनी शोधतात, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. घरात सुतारकाम असेल तर पीएम विश्वकर्मा योजना बघा. सप्टेंबर २०२३ पासूनच्या या योजनेत सुतार आहेत, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांचं कर्ज आहे. कुटुंबातल्या एकालाच मिळतं, त्यामुळे अर्ज कोण करणार ते घरात ठरवून घ्या.

कायद्याचं थोडक्यात. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, चंदन, खैर, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, फणस, हिरडा अशी झाडं आहेत. ती आपल्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडायची नाहीत. बाभूळ त्या यादीत नाही. तरी तोडीआधी आणि गाडी भरण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज देऊन वाहतुकीच्या पासचं लेखी विचारा, पोच घ्या. रस्त्यात गाडी अडवल्यावर तोंडी परवानगी कामाला येत नाही. बांधावरच्या झाडांची नोंद ई-पीक पाहणीत करून सातबाऱ्यावर आणा. स्वतःची आरा गिरणी टाकायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. तिला वन विभागाचा परवाना लागतो आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांपासून तो सहज मिळत नाही.

आणि महोगनी? हौस असेल तर विहिरीजवळ दहा-वीस झाडं लावा, स्वतःच्या पैशाने, शास्त्रीय नावाचं बिल घेऊन. नातवाच्या नावाची ठेव समजा. फक्त कर्ज काढून नको, आणि पिकाखालचा एकर त्यात घालून नको.

तो मुलगा निघताना जरा नाराजच होता. पत्रक घडी घालून खिशात ठेवलं, फाडलं नाही. चार दिवसांनी त्याच्या वडिलांचा फोन आला. बापलेकांनी दोरी घेऊन सगळा बांध मोजला होता. एकतीस बाभळी, त्यातल्या अकरा तीन फुटांच्या वर घेराच्या. दोन कडुनिंब. एक चिंच, तिला हात लावायचा नाही हे त्यांना माहीत होतं. पहिलं झाड कोणतं तोडायचं यावर घरात वाद चालू आहे, कारण सगळ्यात सरळ बाभळीखाली म्हैस बांधतात.

दिवाळीनंतर पहिली तोड होईल तेव्हा मी कॅमेरा घेऊन जाणार आहे. ओंडक्यातून खरंच पंचवीस दांडे निघतात की पंधरा, ते तुमच्यासमोरच मोजू.